सरहद नावाचे स्टेशन

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की कविता येते, आत्मकथन येते, मोहल्ल्याची आणि गावगाड्याची कथा येते, गझल तर येतेच येते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता साडेतीन दशके होत आली. परंतु इतिहासाला 'असे झाले असते तर?' म्हणून विचारणारी, पुराणातला धागा उचलून काळाच्या मागेपुढे जाणारी कथा-कादंबरी आपल्या वाचकांत फारशी बोलली जात नाही. ती शास्त्रज्ञांची करमणूक, आपल्याला तिच्याशी काय देणेघेणे, अशी एक समजूत आहे. ती आम्हाला पटत नाही. ज्या घरांत दास्ताने-अमीर हमजा ऐकली गेली, लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून छापलेल्या 'तिलिस्मे-होशरुबा'तला अमर अय्यार आणि त्याची कधी न भरणारी झंबील ज्यांच्या आजोबांना तोंडपाठ होती, त्यांनी अद्भुताला परके मानावे हे नवलच आहे.

काळ ओलांडून जाणारा माणूस तर दोन्ही परंपरांत फार जुना आहे. पुराणातला राजा ककुद्मी आपल्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणे चाललेले असते म्हणून थोडा वेळ थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे निघून जातात. मनात योजलेले सगळे वर, त्यांची मुले, नातवंडे, कुणीच उरलेले नसते. शेवटी रेवती बलरामाला दिली जाते आणि ती जुन्या युगातली म्हणून त्याच्यापेक्षा कितीतरी उंच भरते, तेव्हा नांगराने तिला बेताची करावी लागते. ज्याने हा तपशील घातला त्याला कथा सांगता येत होती. दुसरा राजा मुचकुंद. तो गुहेत युगानुयुगे झोपतो आणि कालयवनाने लाथ मारल्यावर जागा होतो. गुहेतली झोप म्हटल्यावर आपल्या वाचकांना असहाबे-कहफ आठवल्याशिवाय राहणार नाहीत. जुम्म्याच्या दिवशी सूरह कहफ वाचणाऱ्या प्रत्येक घरात ती गुहा, तो कुत्रा आणि ती तीनशे नऊ वर्षे माहीत आहेत. त्यातला एक जण जुने नाणे घेऊन बाजारात अन्न आणायला जातो, ही जागा आम्हाला नेहमी थांबवते. काळ बदलल्याची वर्दी आकाशातून येत नाही. ती गल्ल्यावरच्या माणसाच्या तोंडावर दिसते.

मराठीत या वाटेने सर्वांत दूरवर गेले ते डॉ. जयंत नारळीकर. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले हे खगोलशास्त्रज्ञ कथालेखक झाले तेही गंमतीने. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. बक्षीस मिळाले. पुढे 'प्रेषित', 'व्हायरस', 'वामन परत न आला' अशा कादंबऱ्या आल्या. परंतु आम्हाला ज्या लेखनाबद्दल बोलायचे आहे ती कादंबरी नाही, एक कथा आहे : 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात अनेक वर्षे शिकवले गेले, त्यामुळे देशभरातल्या मुलांनी ती वाचली. पुढचे विवेचन आम्ही त्या पाठ्यपुस्तकातील रूपावरूनच करीत आहोत.

कथानक थोडक्यात असे. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना पुण्यात त्यांना ट्रकची धडक बसते. शुद्धीवर येतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. ते पुण्याहून मुंबईला निघतात, तर मुंबईत इंग्रजांचे राज्य अजून चालू. हॉर्नबी रोडवर विलायती बँका आणि विलायती दुकाने. मुलगा ज्या कचेरीत नोकरीला असायला हवा तिथे चौकशी करतात, तर विनय गायतोंडे नावाचा कुणी माणूसच तिथे नाही. मग ते टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे पाच खंड मागवतात. हे खंड त्यांनी स्वतःच लिहिलेले आहेत. पहिले चार जसेच्या तसे, पाचव्यात मात्र इतिहास फुटतो. पानिपतावर विश्वासरावाला लागायची गोळी कानाजवळून निघून गेलेली असते, मराठे जिंकतात, आणि पुढचे सगळे बदलते. विश्वासराव आणि माधवराव मिळून सत्ता वाढवतात, दादासाहेब बाजूला पडतात, कंपनी सरकार मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यापुरते उरते, आणि दिल्लीचा बादशहा नावापुरता तख्तावर राहतो. विसाव्या शतकात लोकशाही येते तरी शहेनशहा शिक्का मारायला असतोच. शेवटी आझाद मैदानावरच्या सभेत व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून पंत सवयीने तिच्यात जाऊन बसतात. त्या जगात अध्यक्षाची पद्धतच नसल्याने लोक त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षस्थान भूषविलेल्या माणसाची ही हजारावी सभा. (आपल्या संमेलनांच्या आयोजकांनी हा भाग अवश्य वाचावा.)

या कथेवर जे थोडेफार लिहिले गेले ते बहुतेक पेशव्यांच्या विजयाबद्दल आणि शेवटी येणाऱ्या वैज्ञानिक उलगड्याबद्दल. आमचे लक्ष मात्र रेल्वेच्या डब्यात अडकले. पुण्याहून सुटणाऱ्या जिजामाता एक्स्प्रेसमध्ये पंतांच्या समोर एक खानसाहेब बसलेले आहेत. ते आपल्या धंद्याच्या गोष्टी सांगतात, पंत ऐकून घेतात. मुंबईला उतरून त्याच रात्री फ्रंटियर मेल धरायची, दिल्ली, मग लाहोर, मग पेशावर, असा त्यांचा बेत आहे. परवा पोहोचू, असे ते सहज सांगतात. एवढेच. लेखक कुठेही म्हणत नाही की या जगात फाळणी झाली नाही. १९४७ हे साल तो उच्चारत नाही. तो फक्त एका माणसाच्या हातात तिकीट देतो. आम्ही फाळणीवर उर्दूत पुष्कळ वाचले आहे, मंटो वाचला आहे, पण फाळणी न झालेल्या देशाचे इतके स्वस्तात काढलेले आणि इतके खरे वाटणारे चित्र दुसरे आठवत नाही. खरी फ्रंटियर मेल १९२८ साली मुंबई ते पेशावर धावू लागली. फाळणीनंतर ती अमृतसरला थांबू लागली आणि १९९६ साली तिचे नाव गोल्डन टेंपल मेल झाले. म्हणजे नावातली सरहदही गेली.

आता सरहदीबद्दल. गाडी मोठा बोगदा ओलांडून एका लहान स्टेशनावर थांबते. एक गणवेशातला अँग्लो-इंडियन अधिकारी परवाने तपासत डब्यातून फिरतो. इथून ब्रिटिश राज्य सुरू होते, हे पंतांना सांगतात ते खानसाहेबच. आणि त्या स्टेशनाचे नाव आहे 'सरहद'. मराठी कथेतल्या पुणे-मुंबईच्या मध्ये असलेले हे फारसी नाव लेखकाने मुद्दाम ठेवले की नाही, ते बाजूला राहू द्या. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना त्यात आणखी एक आवाज ऐकू येतो. ज्या पेशावरला खानसाहेब निघाले आहेत ती राजधानी ज्या प्रांताची, त्याला उर्दूत 'सूबा सरहद'च म्हणत. २०१० साली त्याचे नाव खैबर पख्तुनख्वा झाले. थोडक्यात, सरहदीचा माणूस सरहद स्टेशनावरून निघून सरहदीकडे जातो आहे, आणि वाटेत त्याला कोणी अडवत नाही. अडवणारी रेघ आहे ती कल्याणच्या पुढे कुठेतरी, पुणेकर आणि मुंबईकर यांच्या मध्ये!

वर्गात आठवीच्या मुलांना आम्ही ही कथा उर्दूत सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, खानसाब के पास पासपोट था क्या?" आम्ही म्हटले, पासपोर्ट नव्हता, परवाना होता, आणि तो मुंबईत शिरण्यासाठी. मुले हसली. एकाच्या मामाचे घर ठाण्याला आहे, तो म्हणाला, मग मला मामाकडे जायलाही कागद लागला असता. कथेचा गाभा त्याने एका वाक्यात पकडला होता : रेघ कुठे पडते यावर कोण परका ते ठरते. जाता जाता भाषेची एक गोष्ट. उर्दूत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. मराठीने काल आणि उद्या वेगळे केले खरे, पण 'परवा'पाशी तिनेही हात टेकले. त्यामुळे खानसाहेब 'परवा पोहोचू' म्हणतात तेव्हा ते मागच्या परव्याला पोहोचणार की पुढच्या, अशी शंका मुलांना आली, आणि अशा कथेत ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही.

आता आमच्या तक्रारीकडे येतो. या पर्यायी इतिहासात खानसाहेबांना जागा मिळाली, पण कोणती? प्रवाशाची. ते व्यापार सांगतात, पंतांना माहिती पुरवतात, आणि मुंबईला उतरून जातात. इतिहासाच्या पाचव्या खंडात मुसलमान आहे तो दिल्लीचा बाहुला बादशहा. रणांगणावर कोण आहे? पंतांच्या खंडांची विभागणीही पाहावी. तिसरा खंड महंमद घोरीपर्यंत, चौथा औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. एवढ्या मोठ्या देशाच्या इतिहासाची पाने उलटायची वेळ येते ती अशाच नावांवर. ही केवळ पंतांची सवय नाही. आपल्या शाळांतून इतिहास शिकवण्याचीच ती सवय आहे, आणि लेखकाने ती नकळत उचलली, असे आम्हाला वाटते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेली बंदूकधारी पलटण आणि तोफखाना ही मराठी फौजेची नवी ताकद, आणि ती त्याच्या हाताखाली. आधी तो निजामाच्या चाकरीत होता. १७६० साली उदगीरला निजामाचा पराभव झाला त्या लढाईत तो भाऊंकडून लढला. पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडत आणली आणि स्वतःची माणसे मोठ्या संख्येने गमावली. तो जखमी अवस्थेत सापडला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर याच लढाईत जखमी होऊन पुढे भरतपूरला मेला. आणि समोरच्या बाजूला? अब्दालीला मिळालेल्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागे होते. शुजाच्याच पदरी काशीराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता, त्याने या लढाईची हकीकत फारसीत लिहून ठेवली आणि आजही इतिहासकारांना तिच्याशिवाय चालत नाही. पानिपतावर ब्राह्मणाने फारसीत लिहिले आणि पठाणी नावाच्या माणसाने पेशव्यासाठी रक्त सांडले. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पानिपत दोन धर्मांची लढाई म्हणून शिकवता येत नाही. मराठी वाचकाला इब्राहिमखान अपरिचित नाही. विश्वास पाटलांच्या 'पानिपत' या १९८८ च्या कादंबरीने तर तो घरोघरी पोहोचवला.

मग मराठे जिंकले त्या जगात इब्राहिमखानाचे काय झाले? हा प्रश्न कथेत पडायलाच हवा होता. गोळी विश्वासरावाला चुकवून गेली, तशी खानाच्या गळ्यावरची तलवारही टळली असणार. विजयी फौजेबरोबर तो पुण्याला आला असेल. त्याला जहागीर मिळाली असेल, की घाशीरामासारखे काही वाट्याला आले असेल? पुढे पेशव्यांनी जी विज्ञानकेंद्रे काढली म्हणून कथेत सांगितले आहे, तिथे पहिला तोफांचा कारखाना त्याच्या पलटणीतल्या उस्तादांनी चालवला नसेल कशावरून? आम्ही कथाकाराला त्याचे काम शिकवत नाही. परंतु एका राजपुत्राच्या कानावरून इतिहास फिरवायचा आणि ज्याने दिवसभर आघाडी धरली त्याला पर्यायी जगातूनही वगळायचे, हे आम्हाला खटकते. पराभवात तो मेला, विजयात तो दिसेनासा झाला.

तिसरा मुद्दा आमच्या मातीतला आहे. कथेतली मुंबई पेशव्यांनी इंग्रजांना करारावर दिलेली आहे. १९०८ चा तह आहे आणि २००१ साली मुदत संपणार आहे. पुण्या-मुंबईचा वाचक याला कल्पनेची भरारी म्हणेल. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत बसून वाचणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमचे वऱ्हाडच भाड्याने दिलेले होते! निजामाने १८५३ साली कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले, आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. मालकी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, तोही वऱ्हाडात ज्याचा हुकूम चालत नाही असा. दिल्लीचा बाहुला शहेनशहा म्हणतात तो याहून वेगळा काय असणार? आमच्या वाशिमचेही तसेच. बासीम जिल्हा होता, तो १९०५ साली अकोल्यात विरघळला, आणि १९९८ साली पुन्हा वाशिम जिल्हा म्हणून वर आला. त्र्याण्णव वर्षे झोपून उठलेला मुचकुंदच म्हणा ना. आणि मागे पाहिले तर हेच वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, ज्यांच्या हरिषेण राजाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. ज्या जिल्ह्यात एवढे काळ एकावर एक रचलेले आहेत, तिथल्या माणसाला कालप्रवासासाठी ट्रकच्या धडकेची गरज पडू नये. पण असा लेखक अजून आमच्याकडे झाला नाही.

कथेचा शेवटचा भाग कलेच्या दृष्टीने सर्वांत कच्चा आहे. पंत परत आल्यावर त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना कॅटॅस्ट्रोफी सिद्धांत आणि पुंजभौतिकी समजावून सांगतात. अणूतल्या इलेक्ट्रॉनची वाट जशी आधी सांगता येत नाही तशी अनेक जगे शेजारी शेजारी असू शकतात, वगैरे. शिक्षक म्हणून आम्हाला हा भाग उपयोगी पडला, वाचक म्हणून जड गेला. खिशात राहिलेले बखरीचे फाटके पान पुरेसे बोलके होते. त्यावर फळा आणि खडू कशाला?

तरीही नारळीकरांच्या एका गोष्टीची कदर केली पाहिजे. 'वामन परत न आला' या कादंबरीत त्यांनी पुराणातले नाव घेतले आहे. जमिनीखाली एका प्राचीन प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडवला जातो, आणि लहानशा वामनाने तीन पावलांत काय घेतले ते वाचकाला आठवू लागते. पण आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊकच होते, असा दावा ते करत नाहीत. पुराण त्यांच्याकडे रूपक म्हणून येते. पुरावा म्हणून ते त्याला उभे करत नाहीत. ज्यांनी २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिष शिकवण्याला उघड विरोध केला, त्यांच्याकडून दुसरे काही अपेक्षितही नव्हते. आज पुष्पक विमानाचा आराखडा मागणाऱ्या कादंबऱ्यांची चलती आहे. आपल्यातही प्रत्येक नव्या शोधानंतर तो आपल्या किताबात आधीच होता असे सांगणारी पुस्तिका मशिदीबाहेरच्या स्टॉलवर मिळते. दोन्हींची जात एक. कहफच्या गुहेला प्रयोगशाळा केली की त्या नाण्यातला दर्द निघून जातो, हे त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना सांगावेसे वाटते.

उर्दूत याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडलेली कादंबरी म्हणजे कुर्रतुलऐन हैदर यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली 'आग का दरिया'. तिच्यात यंत्र नाही, धडक नाही, खुलासा नाही. मौर्यकाळात नदीकाठी भेटणारा गौतम नीलांबर शेकडो वर्षांनी पुन्हा त्याच नावाने येतो. चंपा येते, मध्ययुगात बाहेरून आलेला कमाल येतो, आणि हीच नावे १९४७ च्या तोंडाशी लखनौमध्ये तरुण होऊन उभी राहतात. अडीच हजार वर्षांत इतिहास एकदाही आपला रस्ता बदलत नाही. बदलतात ती माणसे, आणि तीही पूर्ण बदलत नाहीत. शेवटी कमाल पाकिस्तानात जातो. मनापासून हिंदुस्थानी असलेला तो माणूस कसा जातो, घर कसे सुटते, कचेऱ्यांतले कागद कसे आडवे येतात, हे वाचताना आम्हाला प्रत्येक वेळी नारळीकरांचे खानसाहेब आठवतात. एकाला कथाकाराने गोळी तीळभर सरकवून वाचवले. दुसऱ्याला वाचवायला बाईंनी नकार दिला, आणि आमच्या मते त्यांचे पुस्तक मोठे आहे ते म्हणूनच.

मराठीतून उर्दूत 'गंगाधरपंतांचे पानिपत' नेण्याचे काम आम्ही मुलांसाठी तोंडी केले, आता लिहून काढत आहोत. भाषांतर करताना कळते की अर्धी कथा आधीच उर्दूत आहे. पेशवा फारसी, फौज, सरदार, तोफखाना आपल्या ओळखीचे, आणि बखर हा शब्द तर खबरेची उलटापालट समजला जातो. अडले ते एकाच ठिकाणी. 'सरहद' हे स्टेशनाचे नाव मराठी वाचकाला विशेषनाम वाटते, उर्दू वाचकाला तो साधा शब्द वाटतो, आणि वाक्य 'गाडी सरहदीवर थांबली' असेच वाचले जाते. त्याला अवतरणचिन्हात टाकावे की तसेच सोडावे, हे अजून ठरलेले नाही.